तिंगमो घरी कसा करायचा? ओव्हनशिवाय फुगणाऱ्या तिबेटी पावाची संपूर्ण माहिती

लडाख किंवा धरमशालेचं कोणतंही फूड रील उघडा, त्यात एक शॉट हमखास सापडतो. वाफेच्या भांड्याचं झाकण उघडतं, पांढरा लोट वर येतो आणि आत पाकळ्या पाकळ्यांचे, कापसासारखे गोळे दिसतात. मग कुणीतरी त्यातली एक पाकळी सोडवतं आणि लालभडक रश्शात बुडवून तोंडात टाकतं. हा पदार्थ म्हणजे तिंगमो.

रील बघून अनेकजण तो घरी करायला घेतात. मैदा, यीस्ट, साखर, मीठ, तेल आणि पाणी एवढंच तर लागतं. ओव्हनही लागत नाही. तरीही झाकण उघडल्यावर कधी दगडासारखे घट्ट गोळे निघतात, तर कधी डोळ्यांदेखत फुस्स होऊन सुरकुततात. मग दोष दिला जातो मैद्याला, यीस्टच्या पाकिटाला किंवा रील टाकणाऱ्याला.

खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. रेसिपीत लिहिलेलं असतं, ‘पीठ दीड तास झाकून ठेवा’. पण तो दीड तास कुठला? डिसेंबरातल्या धरमशालेचा की मे महिन्यातल्या नागपूरचा? यीस्ट हा जिवंत जीव आहे आणि त्याला घड्याळ कळत नाही, तापमान कळतं. ही एक गोष्ट लक्षात आली की तिंगमो सहसा बिघडत नाही. म्हणून आज फक्त कृती नाही, तर प्रत्येक पायरीला भांड्यात नेमकं काय घडत असतं तेही समजून घेऊया.

तिंगमो म्हणजे नेमकं काय?

तिंगमो हा गव्हाच्या पिठाचा, आंबवून वाफवलेला पाव आहे. लडाखमध्ये त्याला तिमोक असंही म्हणतात. पीठ लाटून, तेल लावून, गुंडाळी करून, कापून आणि पीळ देऊन तो वळतात. त्यामुळे वाफवल्यावर त्याला पदर सुटतात.

मोमो आणि तिंगमो यांत बऱ्याचजणांचा गोंधळ होतो. फरक सोपा आहे. मोमोत सारण असतं आणि आपल्याकडे गाड्यांवर मिळणाऱ्या मोमोची पारी सहसा न आंबवलेल्या पिठाची, पातळ असते. तिंगमोत सारण नसतं आणि पीठ आंबवलेलं असतं. मोमो एकटा खाता येतो. तिंगमोला मात्र सोबत काहीतरी ओलं आणि झणझणीत लागतं. आपल्या पावासारखंच त्याचं काम आहे, रस्सा टिपून घ्यायचं.

हा पदार्थ आला कुठून?

वाफवलेल्या पावाचं मोठं घर म्हणजे चीन, त्यातही गहू पिकवणारा उत्तर चीन. तिथे सारण नसलेल्या गोल पावाला मान्तो म्हणतात, सारण भरलेल्याला बाओझ आणि पीळ दिलेल्या पदरांच्या रोलला ह्वाच्युआन. मान्तोचा शोध तिसऱ्या शतकातल्या झुगे लियांग या सेनापतीने लावला, अशी एक लोकप्रिय कथा सांगितली जाते. नदी ओलांडण्यासाठी माणसांच्या मुंडक्यांचा बळी द्यायच्या ऐवजी त्याने कणकेची डोकी करून वाहिली, असं ती कथा म्हणते. ती दंतकथा म्हणूनच वाचावी. पण चीनमध्ये वाफवलेला पाव फार जुना आहे, एवढं मात्र खरं.

तिबेटी तिंगमो हा ह्वाच्युआनचा जवळचा नातेवाईक. मात्र तिबेटच्या उंच पठाराचं रोजचं धान्य गहू नाही, जव आहे. जव भाजून केलेलं पीठ म्हणजे त्सांपा, आणि ते चहात कालवून खाल्लं जातं. जवामध्ये गव्हासारखं चिवट, ताणलं जाणारं ग्लुटेन तयार होत नाही. त्यामुळे त्याचा असा हलका पाव फुगत नाही. फुगणाऱ्या तिंगमोसाठी गहूच लागतो.

भारतात या पदार्थाची ओळख वाढली ती १९५९ नंतर. त्या वर्षी मार्चमध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी निर्वासित. हिमाचलमधलं धरमशाला, कर्नाटकातली बैलकुप्पे आणि मुंडगोड, दिल्लीतला मजनू का टिला अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्यासोबत त्यांचं स्वयंपाकघरही आलं.

महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे, हे अनेकांना माहीत नसतं. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७०च्या दशकापासून आहे. म्हणजे तिबेटी माणसं आणि विदर्भाचा कडक उन्हाळा यांची ओळख आता पन्नासेक वर्षांची झाली.

यीस्ट पिठात करतं काय?

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पावासाठी वापरतात त्या प्रजातीचं नाव सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. ती पिठातली साखर खाते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडं अल्कोहोल तयार होतं. आंबण्याची क्रिया जिवंत सूक्ष्मजीव घडवतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखवलं.

पण नुसता वायू तयार होऊन भागत नाही, तो धरून ठेवायला पिशवी लागते. गव्हातली दोन प्रथिनं पाणी मिळून तिंबली गेली की एकमेकांत गुंतून ग्लुटेनचं जाळं बनतं. फुग्यात हवा भरावी तसा वायू या जाळ्यात अडकतो आणि पीठ वर येतं. कमी तिंबलं तर जाळं कच्चं राहतं आणि वायू निसटतो. फार वेळ फुगू दिलं तर जाळं ताणून ताणून विरतं. तिंगमोचे बहुतेक बिघाड या दोनपैकी एका टोकाला होतात.

तापमानाचं गणितही इथेच येतं. साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये यीस्ट जोमात काम करतं. फ्रीजमध्ये ते मरत नाही, पण फार मंदावतं. ५५ ते ६० अंशांच्या आसपास मात्र ते मरतं. ‘कोमट पाणी घ्या’ असं रेसिपीत असतं आणि आपण चहाइतकं गरम पाणी ओततो, तिथेच खेळ संपतो.

वाफेवरचा पाव आणि भट्टीतला पाव यांत फरक काय?

भट्टीतल्या पावाला वरून खरपूस, तपकिरी कवच येतं. त्यामागे मेयार अभिक्रिया असते. साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखर यांच्यात ती वेगाने घडते. आपल्या भांड्यातल्या वाफेचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे तिंगमो पांढराच राहतो, त्याला कवच येत नाही आणि तो लुसलुशीत लागतो.

आता यातली गंमत बघा. भट्टीतल्या पावाचं कवच हा त्याचा सांगाडाही असतो. पीठ थोडं जास्त फुगलं असलं तरी कवच त्याला सावरून धरतं. तिंगमोला तो आधारच नाही. म्हणून जास्त फुगलेलं पीठ ओव्हनमध्ये एकवेळ चालून जातं, वाफेवर नाही. झाकण उघडताच थंड हवा लागते, आतला वायू आकसतो आणि गोळा बसतो.

उंचीचाही परिणाम होतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. म्हणजे वाफही तेवढीच कमी गरम. तिथे तिंगमो जास्त वेळ वाफवावा लागतो. मुंबईत किंवा कोकणात समुद्रसपाटीला १२ ते १५ मिनिटं पुरतात. म्हणजे डोंगरातल्या रेसिपीतली फुगवण्याची वेळ आणि वाफवण्याची वेळ, दोन्ही आपल्याकडे जशाच्या तशा लागू होत नाहीत.

साहित्य (८ मध्यम तिंगमोंसाठी)

• मैदा: ३०० ग्रॅम (सुमारे सव्वादोन कप)
• इन्स्टंट यीस्ट: ३ ग्रॅम (सपाट १ छोटा चमचा)
• साखर: १ मोठा चमचा
• मीठ: अर्धा छोटा चमचा
• तेल: १ मोठा चमचा पिठात, १ मोठा चमचा पदरांना लावायला
• पाणी: सुमारे १६५ मिली
• आवडीनुसार: बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा कांद्याची पात, थोडा ठेचलेला लसूण

दुकानात कोरडं यीस्ट दोन प्रकारचं मिळतं. इन्स्टंट यीस्ट बारीक असतं आणि थेट मैद्यात मिसळता येतं. ऍक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जरा मोठे असतात. ते आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून १० मिनिटं भिजवावं लागतं आणि इन्स्टंटपेक्षा किंचित जास्त घ्यावं लागतं. पाकीट जुनं असेल तर प्रकार कोणताही असो, ही चाचणी करून घ्या. १० मिनिटांत वर फेस आला नाही, तर ते यीस्ट कामाचं नाही. मैदा वाया घालवण्याआधीच हे कळलेलं बरं.

साखर चवीसाठी आहेच, शिवाय यीस्टला सुरुवातीचं खाद्य म्हणूनही ती उपयोगी पडते. पण खूप साखर घातली तर उलट यीस्ट मंदावतं. मीठ ग्लुटेनला बळकटी देतं आणि यीस्टला लगाम घालतं. त्यामुळे दोन्ही मापातच घ्या.

वाफवायला भांडं कोणतं?

बांबूचा स्टीमर विकत आणायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत त्याहून सोयीचं भांडं असतं, मोदकपात्र. इडलीपात्रात सपाट चाळणी ठेवूनही काम होतं. तेही नसेल तर मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात एक स्टँड आणि वर भोकांची चाळणी ठेवा. प्रेशर कुकर वापरायचा असेल तर झाकणावरची शिट्टी काढून ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. एक, पाणी चाळणीला लागता कामा नये. दुसरी, झाकणाला आतून सुती पंचा बांधा. उकडीच्या मोदकांना कदाचित त्याशिवायही चालत असेल, पण तिंगमोला चालत नाही. झाकणावरचा थेंब जिथे पडतो तिथलं पीठ फुगत नाही आणि पिवळट, चिकट डाग राहतो. खाली चिकटू नये म्हणून बटर पेपरचे तुकडे, केळीचं पान किंवा तेल लावलेली चाळणी यांपैकी काहीही चालेल.

कृती: पायरी पायरीने

१. मैदा, यीस्ट, साखर आणि मीठ परातीत एकत्र करा. पाण्यातलं दोन चमचे पाणी बाजूला ठेवा आणि बाकीचं थोडं थोडं घालत पीठ गोळा करा. सगळा मैदा सारखं पाणी पीत नाही. पीठ कोरडं वाटलं तरच राखून ठेवलेलं पाणी घाला. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट हवं.

२. आता एक मोठा चमचा तेल घालून ८ ते १० मिनिटं नीट तिंबा. तळहाताच्या टाचेने पुढे दाबायचं, घडी घालायची, पुन्हा दाबायचं. सुरुवातीला खडबडीत असलेलं पीठ गुळगुळीत झालं आणि बोटाने दाबल्यावर वर आलं की थांबा. ही पायरी उरकून टाकू नका. कवच नसलेल्या पावाची सगळी भिस्त या जाळ्यावर आहे.

३. गोळ्याला तेलाचा हात लावून झाकून ठेवा. त्यातलाच लिंबाएवढा तुकडा एका सरळ उभ्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा. तुकडा जिथपर्यंत आला आहे तिथे बाहेरून रबरबँड लावा आणि ग्लास झाकून पिठाशेजारीच ठेवा. हा ग्लास म्हणजे तुमचं घड्याळ.

४. ग्लासातलं पीठ रबरबँडच्या दुप्पट उंचीला आलं की पहिली फुगवणी झाली. खात्री करायची असेल तर मोठ्या गोळ्यात मैद्यात बुडवलेलं बोट खुपसा. खड्डा तसाच राहिला तर पीठ तयार आहे. खड्डा लगेच भरला तर थोडा वेळ द्या. पीठच खाली बसलं तर उशीर झाला आहे.

५. ग्लासातला तुकडा गोळ्यात परत मिसळा आणि पीठ मिनिटभर मळून आतली हवा काढा. ५ मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे लाटताना ते आकसणार नाही.

६. साधारण ३० सेंमी लांब आणि २५ सेंमी रुंद असा आयत लाटा. एक मोठा चमचा तेल पसरवा, पण पलीकडच्या लांब कडेला दोन बोटं जागा कोरडी सोडा. हवी असेल तर कोथिंबीर, पात, लसूण आणि चिमूटभर मीठ भुरभुरा. अळुवडीची गुंडाळी करतो तशी घट्ट गुंडाळी करा आणि सोडलेली कोरडी कड दाबून बंद करा.

७. धारदार सुरीने ८ तुकडे करा. सुरी दाबू नका, नाहीतर पदर चिकटतात. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध, कापलेल्या बाजूंना समांतर, चॉपस्टिक किंवा पळीचा दांडा आडवा दाबा. पदर दोन्ही बाजूंनी फुलासारखे उघडतील. पहिल्यांदाच करत असाल तर तुकडा नुसता उभा ठेवला, कापलेली बाजू वर केली तरी चालेल.

८. तुकडे चाळणीत दोन-दोन बोटं अंतराने मांडा आणि झाकून पुन्हा फुगू द्या. या वेळी मात्र दुप्पट होईपर्यंत थांबायचं नाही, दीडपट पुरे. हलकंसं दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला आणि तुकडा हातात हलका वाटला की वाफवायला घ्या.

९. पाणी आधीच उकळून ठेवा. चाळणी ठेवा, झाकण लावा आणि मध्यम ते मोठ्या आचेवर १२ ते १५ मिनिटं वाफवा. मध्ये झाकण उघडू नका.

१०. गॅस बंद करा. लगेच झाकण काढू नका. कड किंचित उचलून फट ठेवा आणि ३ ते ५ मिनिटं थांबा. आतली वाफ हळूहळू निवली की मग झाकण पूर्ण उघडा, तेही वाफ तोंडावर येणार नाही अशा बेताने, पलीकडच्या बाजूने.

मग पीठ किती वेळ ठेवायचं?

वरच्या मापाने, पिठाचं तापमान बघून ढोबळ अंदाज असा:

• २० अंशांच्या आसपास (पुणे, नाशिकची थंडी): दीड ते दोन तास
• २७-२८ अंश (पावसाळा, मुंबईतला हिवाळा): सुमारे १ तास
• ३५ अंशांच्या आसपास (विदर्भ, मराठवाड्याचा उन्हाळा): ३५ ते ४५ मिनिटं

आठ-दहा अंश वाढले की यीस्टचा वेग जवळपास दुप्पट होतो, म्हणून ही तफावत एवढी मोठी आहे. दुसऱ्या फुगवणीलाही हाच नियम. थंडीत अर्धा तास लागू शकतो, उन्हाळ्यात १०-१५ मिनिटांतच तुकडे तयार होतात. उन्हाळ्यात गुंडाळी कापेपर्यंत पहिला तुकडा फुगायला लागलेला असतो, त्यामुळे पाणी आधीच उकळत ठेवणं बरं.

अर्थात हे आकडे नुसते दिशेसाठी आहेत. शेवटचा शब्द ग्लासातल्या पिठाचा.

हवामानाशी जुळवून घ्यायचे काही सोपे मार्गही आहेत. मे महिन्यात टाकीतलं पाणीच गरम येतं. तेव्हा कोमट पाणी विसरा आणि माठातलं गार पाणी घ्या. यीस्टही थोडं कमी केलं तरी चालतं. थंडीत उलट करा. पाणी कोमट घ्या आणि पिठाचं भांडं बंद ओव्हन, मायक्रोवेव्ह किंवा कपाटात, गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवा. घाई नसेल तर यीस्ट निम्मं घेऊन पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवता येतं. सकाळी बाहेर काढून त्याचा गारवा जाऊ द्या आणि ते दुप्पट झालं आहे याची खात्री करून वळायला घ्या. असा तिंगमो चवीलाही जास्त चांगला लागतो.

कुठे बिघडलं? लक्षणावरून कारण ओळखा

घट्ट, जड, आतून चिकट: पीठ फुगायच्या आतच वाफवलं, किंवा यीस्ट मेलेलं होतं. पुढच्या वेळी यीस्टची चाचणी करा आणि जास्त वेळ द्या.

आधी टम्म फुगला, झाकण उघडल्यावर बसला: दुसरी फुगवणी जास्त झाली किंवा झाकण एकदम उघडलं. उन्हाळ्यात हाच बिघाड सर्वात जास्त होतो.

वरून सुरकुत्या, पारदर्शक डाग: झाकणावरून पाणी ठिबकलं. पंचा बांधायचा राहिला असेल.

पदर सुटले नाहीत: तेल कमी पडलं, पीठ फार मऊ होतं किंवा कापताना दाबलं गेलं.

आंबूस किंवा दारूसारखा वास: पीठ गरजेपेक्षा बराच वेळ आंबलं. थोडा वास वाफवताना जातो. पीठ पार सैल, चिकट झालं असेल तर तिंगमोचा हट्ट सोडा आणि त्याच्या तव्यावर जाड रोट्या भाजा.

पिवळे ठिपके: सोडा घातला असेल तर तो नीट मिसळला गेला नाही. गव्हातले काही रंगद्रव्य घटक अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की पिवळे होतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मैद्याऐवजी कणीक चालेल का?*
चालेल, पण पूर्ण कणकेचा तिंगमो जड होतो. कोंड्याचे कण ग्लुटेनचं जाळं कापतात. सुरुवात निम्मा मैदा, निम्मी कणीक अशी करा. कणीक जास्त पाणी पिते, त्यामुळे दोन-तीन चमचे पाणी वाढवा आणि पीठ तिंबण्याआधी २० मिनिटं भिजू द्या.

*यीस्टऐवजी खाण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर?*
त्याने गोळा फुगेल, पण तिंगमो होणार नाही. सोड्याचा वायू रासायनिक क्रियेतून झटपट सुटतो. आंबण्यामुळे येणारी चव आणि चिवट-मऊ पोत त्यातून मिळत नाही. पारंपरिक पद्धतीत सोडा वापरतात तो वेगळ्या कारणासाठी. जुन्या आंबवणाचा आंबटपणा मारायला तो चिमूटभर घालतात.

*पाकिटातलं यीस्ट येण्याआधी लोक काय करायचे?*
आधीच्या पिठाचा गोळा राखून ठेवायचा आणि तो पुढच्या पिठात मिसळायचा, ही पद्धत जगभर होती. गोव्यात पाव करणारे पोदेर आंबवण म्हणून नारळाच्या झाडाची ताडी, म्हणजे सूर वापरत. गोव्यातल्या वाफवलेल्या सान्नांमध्येही तीच सूर घालण्याची परंपरा आहे. फक्त सान्नां तांदळाच्या, तिंगमो गव्हाचा.

*वाफवलेला आहे, म्हणजे हेल्दी का?*
सोशल मीडियावर हा दावा सर्रास दिसतो. तळलेल्या भटुऱ्यापेक्षा यात तेल कमी असतं, हे बरोबर. पण वाफवल्याने मैद्याचा काही वेगळा पदार्थ होत नाही. वरच्या मापाच्या एका तिंगमोत साधारण १६० ते १७० कॅलरी असतात आणि तंतुमय पदार्थ अगदी कमी. मधुमेह असलेल्यांनी तो पावासारखाच मोजून खावा. सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांसाठी तो अजिबात नाही, कारण तो पूर्णपणे ग्लुटेनवर उभा आहे.

*उरले तर?*
पूर्ण निवले की हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात, फ्रीझरमध्ये महिनाभर. फ्रीजमध्ये ते कडक होतात, कारण थंडीत पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. घाबरू नका, ३-४ मिनिटं परत वाफवले की पूर्ववत मऊ होतात. फ्रीझरमधले थेट वाफेवर ठेवा, ७-८ मिनिटांत तयार. शिळे तिंगमो उभे कापून तव्यावर तेलात खरपूस परतले तर वेगळाच नाश्ता होतो. पावसाळ्यात मात्र बाहेर ठेवू नका, दमट हवेत बुरशी लवकर धरते.

तिंगमो कशासोबत खायचा?

तिबेटी घरांत तो शापता, म्हणजे तिखट परतलेल्या मांसासोबत खातात. काचेसारख्या पारदर्शक शेवया घातलेला फिंगचा रस्साही चालतो. शाकाहारी लोकांसाठी शोगो खात्सा, म्हणजे मिरची-लसणातले झणझणीत बटाटे आहेत. सोबत सेपेन ही लाल मिरचीची चटणी असतेच.

शोगो खात्साची सोपी आवृत्ती घरी अशी करा. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, भिजवून वाटलेल्या लाल मिरच्या, भरपूर लसूण आणि मीठ. तेलात आधी वाटण परता, मग बटाटे घाला आणि थोडं पाणी शिंपडून अंगासरशी रस राहू द्या. तिंगमो स्वतः जवळजवळ बेचव असतो, त्यामुळे सोबतचा पदार्थ नेहमीपेक्षा जरा जास्तच चमचमीत हवा. मटणाचा तांबडा रस्सा किंवा मिसळीचा कट सोबत घेतलात तरी तिंगमोची काही तक्रार नसते. रस्सा पिऊन घ्यायचं काम तो तिथेही चोख करतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

पाणी गरम नको, कोमट हवं आणि उन्हाळ्यात गार. पीठ ८-१० मिनिटं तिंबा. पहिली फुगवणी दुप्पट, दुसरी दीडपट. झाकणाला पंचा बांधा, वाफवताना उघडू नका आणि गॅस बंद केल्यावर तीन मिनिटं धीर धरा. आणि पीठ किती वेळ ठेवायचं हा प्रश्न पडला, की रेसिपीतल्या आकड्याकडे नाही, ग्लासाच्या रबरबँडकडे बघा.